चाळीस सेकंदांचं आइस्क्रीम, आठशे तक्रारी

२७ ऑगस्ट २०१४, बुधवारची रात्र. बीबीसी वनवर ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’च्या पाचव्या पर्वाचा चौथा भाग सुरू होता. हौशी मंडळी एका मोठ्या पांढऱ्या तंबूत केक, पाव, बिस्किटं करतात, दोन परीक्षक चाखून बघतात आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी जातं, असा साधा खेळ. त्या दिवशीचा शेवटचा पदार्थ होता बेक्ड अलास्का. खाली स्पंज केकचा थर, त्यावर आइस्क्रीमचा डोंगर आणि सगळ्याला वेढणारा अंड्यातल्या पांढऱ्याचा घट्ट फेस, म्हणजे मरँग. हे सगळं थोडा वेळ कडक आचेत धरायचं. मरँगमध्ये अडकलेली हवा उष्णता आत शिरू देत नाही, त्यामुळे बाहेरून भाजलेला आणि आतून गोठलेला पदार्थ ताटात येतो. अट एकच, आइस्क्रीम आधी दगडासारखं गोठलेलं हवं.

एका तरुण स्पर्धकाचं आइस्क्रीम तसं नव्हतं. साच्यातून काढलं तर ते ओघळायला लागलं. थोडा वेळ त्याने ते सावरायचा प्रयत्न केला, मग संतापाच्या भरात सगळंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि तंबूबाहेर निघून गेला. निकालाच्या वेळी तो परत आला तो थेट डबा घेऊनच, आणि परीक्षक मेरी बेरी आणि पॉल हॉलिवूड यांच्यासमोर त्याने तोच ठेवला. चाखायला काहीच नव्हतं. तो बाद झाला.

इथवर काही वादाचं नाही. पण त्याच फेरीत थोडं आधी आणखी एक दृश्य दाखवलं होतं. सगळ्यांत ज्येष्ठ स्पर्धक, ६९ वर्षांच्या एक बाई, फ्रीझर उघडतात आणि त्यातलं आइस्क्रीम बाहेर काढून ठेवतात. ते त्या तरुणाचं असतं. कॅमेऱ्याने हे टिपलं, संकलकाने ते जागेवर बसवलं आणि पुढच्या काही मिनिटांत प्रेक्षकांच्या डोक्यात गोष्ट पूर्ण झाली: बाईंनी आइस्क्रीम काढलं, आइस्क्रीम वितळलं, मुलगा हरला.

पुढच्या काही दिवसांत बीबीसीकडे या एका भागाबद्दल ८०० हून जास्त तक्रारी गेल्या. वर्तमानपत्रांनी या भानगडीला ‘बिनगेट’ असं नाव दिलं: ‘बिन’ म्हणजे कचऱ्याचा डबा, आणि ‘गेट’ हे ‘वॉटरगेट’वरून घेतलेलं भानगडीचं शेपूट. बाद झालेला स्पर्धक ‘न्यूजनाइट’वर आला, म्हणजे जिथे मंत्र्यांना खडसावून प्रश्न विचारले जातात त्या कार्यक्रमात. समाजमाध्यमांवर त्या बाईंवर कारस्थानाचा आरोप झाला आणि त्यांना वाट्टेल ते बोललं गेलं.

टीव्हीबद्दलच्या क्षुल्लक तक्रारींचा विषय निघाला की लोक हे उदाहरण हसण्यावारी नेतात. आइस्क्रीमसाठी आठशे पत्रं, काय हे लोक! मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. विषय आइस्क्रीमचा होता म्हणून ही तक्रार चुकली, असंही मी मानत नाही. ती कुठे चुकली ते नीट सुटं करून बघायला हवं, कारण रोज कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाबद्दल हीच चूक होत असते आणि तिची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

फ्रीझरपाशी नेमकं काय घडलं

आइस्क्रीम किती वेळ बाहेर होतं? भाग लागून गेल्यावर सूत्रसंचालक स्यू पर्किन्स आणि परीक्षक हॉलिवूड या दोघांनीही ट्विटरवर एकच आकडा दिला: ४० सेकंद. बीबीसीच्या अधिकृत उत्तरातही एक मिनिटापेक्षा कमी वेळ असंच म्हटलं होतं, आणि त्या कृतीमुळे तो स्पर्धक बाद झाला नाही असं स्पष्ट केलं होतं.

४० सेकंदांत काय होऊ शकतं याचा एक ढोबळ हिशेब करून बघू. आइस्क्रीमचा अर्धगोल साधारण १८ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याचा उघडा पृष्ठभाग भरतो सुमारे ०.०५ चौरस मीटर. तंबूत २५ अंश तापमान धरू आणि आइस्क्रीम फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर. स्थिर हवेतून इतक्या पृष्ठभागावर येणारी उष्णता होते सेकंदाला साधारण २० ज्यूल, म्हणजे ४० सेकंदांत सुमारे ८०० ज्यूल. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. ही सगळी उष्णता निव्वळ वितळण्यात गेली असं मानलं तरी अडीच ग्रॅमच्या आसपास बर्फाचं पाणी होईल. अर्धा चमचा. आइस्क्रीम साच्यात असेल, वर झाकण असेल, तर तेवढंही नाही.

अख्खा डोंगर ओघळतो तेव्हा आइस्क्रीम मुळातच नीट गोठलेलं नसतं. ज्याने घरी कधी आइस्क्रीम लावलंय त्याला हे माहीत असतं. फेटलेलं मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवल्यावर आतपर्यंत कडक व्हायला काही तास लागतात. त्यात उकाड्याचा दिवस, बरेच जण एकाच वेळी तेच करतायत, दारं सारखी उघडतायत. त्या तंबूत त्या दिवशी गरमी होती हे पडद्यावरही दिसत होतं. वेळेचं गणित चुकलं, एवढाच अर्थ यातून निघतो.

पण प्रेक्षकाकडे हा हिशेब करायला लागणारी सगळ्यांत महत्त्वाची गोष्टच नव्हती: वेळ. ४० सेकंद की ४० मिनिटं, हे पडद्यावर कुठेच नव्हतं.

पडद्यावर काय दिसलं

एका भागात तीन फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीला तास-तास जातात, आणि प्रक्षेपण होतं एका तासाचं. दहा-बारा टेबलं, अनेक कॅमेरे, त्यातून उरतं ते मूळ चित्रीकरणाच्या मानाने चिमूटभर. यात लबाडी नाही, टीव्ही असाच बनतो. पण जे उरतं त्याचा क्रम कुणीतरी ठरवलेला असतो, आणि दोन दृश्यं लागोपाठ आली की बघणारा त्यांच्यात कार्यकारणाचा धागा ओवतोच. हात फ्रीझरकडे जातो, कट, वितळलेलं आइस्क्रीम, कट, मुलाचा चेहरा. मधल्या वेळात काय काय झालं ते दिसत नाही, आणि काही दिसत नाही याचीही जाणीव होत नाही.

संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं, त्याचं कामच ते आहे. एखादा क्लोजअप किती लांब धरायचा, संगीत कुठे उचलायचं, कुणाचा चेहरा कुणाच्या वाक्यावर टाकायचा, यावरून प्रेक्षक कुणावर रागावणार ते ठरतं. म्हणून त्या ८०० जणांना मूर्ख म्हणण्याची माझी तयारी नाही. त्यांना जे दाखवलं होतं ते पाहून रागावणं स्वाभाविक होतं. एका माणसाची मेहनत दुसऱ्याने बिघडवली आणि परीक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला असं कुणाला वाटलं, तर त्याला अन्यायाची चीड आली यात गैर काय?

गैर आहे ते त्यानंतरचं पाऊल.

तक्रारींत काय होतं

या तक्रारींचा सूर तेव्हाच्या बातम्यांतून आणि लोकांच्या उघड प्रतिक्रियांतून कळतो. ‘त्या बाईंनी मुद्दाम केलं’ हा एक सूर. ‘परीक्षकांनी परिस्थिती लक्षात घ्यायला हवी होती’ हा दुसरा. ‘त्याला परत घ्या’ अशीही मागणी होती. आणि या सगळ्याखाली, क्षीण आवाजात, ‘हे असं दाखवायला नको होतं’ असंही काही जण म्हणत होते.

पहिल्या आरोपाला पुरावा नव्हता. फ्रीझर सामायिक वापरात असताना जागा करायला कुणीतरी कुणाचं तरी भांडं हलवणं हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिवसातून दहा वेळा होतं. दुसरी तक्रार चवीच्या न्यायाबद्दल होती. परीक्षकांनी ताटातलं बघायचं असतं, आणि ताटच समोर आलं नव्हतं. आइस्क्रीम ओघळलेलं असलं तरी केक होता, मरँग होता. पडलेलं, वाकडं, ओलं, पण काहीतरी ठेवता आलं असतं. हॉलिवूड यांनी नंतर तेच सांगितलं: त्याला नडलं ते डब्यात टाकणं. त्या तरुणाबद्दल मला सहानुभूती आहे, कारण तो क्षण कुणावरही येऊ शकतो. पण तो निर्णय त्याचा स्वतःचा होता.

‘त्याला परत घ्या’ ही मागणी मात्र मला सगळ्यांत बोलकी वाटते. पर्वाचं चित्रीकरण प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी झालेलं होतं. पत्र लिहिणारा ज्या घटनेत हस्तक्षेप करू बघत होता ती केव्हाच उरकली होती. थेट प्रक्षेपण आणि ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रम यांतला फरक बहुतेकांना सांगितला तर कळतो, पण बघताना विसरला जातो. मालिकेतल्या खलनायिकेला रस्त्यात शिव्या देणारा प्रेक्षक आणि हा तक्रारदार यांची जातकुळी एकच. समोरचं इतकं खरं वाटलेलं असतं की ते कुणीतरी रचून समोर ठेवलंय हेच मनातून पुसलं जातं.

राहिला शेवटचा, क्षीण सूर. तोच खरा मुद्दा होता, आणि आठशेंच्या गदारोळात तोच बुडाला.

नियम काय म्हणतो

ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणारी संस्था म्हणजे ऑफकॉम. तिची एक प्रसारण संहिता आहे. तिच्या सातव्या विभागाचा विषय न्याय्य वागणूक हा आहे: कार्यक्रमात व्यक्तींना आणि संस्थांना अन्यायकारक वागणूक मिळता कामा नये. त्यातच एक सूचना अगदी या प्रकरणासाठी लिहिल्यासारखी आहे. कार्यक्रमाचं संकलन करताना त्यात भाग घेतलेल्यांचं चित्रण रास्तपणे झालं पाहिजे, असं ती सांगते.

म्हणजे ‘४० सेकंदांची गोष्ट अशा रीतीने दाखवली की एका स्पर्धकाच्या माथी दुसऱ्याच्या हरण्याचं खापर फुटलं’ ही तक्रार नियमात बसणारी होती. तिच्यावर गांभीर्याने विचार व्हायला जागा होती. मात्र या विभागाखालची तक्रार फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच करता येते, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला. तिऱ्हाईत प्रेक्षकाला नाही. आणि अन्याय कुणावर झाला होता? ज्यांच्याविरुद्ध लोक पत्रं लिहीत होते त्या बाईंवर.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते यासाठी. आठशे माणसं अन्यायाविरुद्ध बोलतायत असं स्वतःला समजत होती, आणि प्रत्यक्षात त्या अन्यायात भर घालत होती. तक्रार करायची होती पडद्याबद्दल, ती केली पडद्यावरच्या बाईंबद्दल.

ऑफकॉमकडेही या भागाबद्दल थोड्या तक्रारी गेल्या होत्या. चौकशी सुरू झाली नाही. बीबीसीबद्दल प्रेक्षक म्हणून आलेल्या तक्रारीला तेव्हा तिथे मुख्यतः दोन मोठी दारं होती: लहान मुलांचं संरक्षण, आणि हानी किंवा दुखावणारा मजकूर. स्पर्धेचा निकाल पटला नाही ही बाब दोन्हींपैकी कुठल्याच दारातून आत जात नाही. बीबीसीपुरतं म्हणाल तर तेव्हा तिची स्वतःची चढती पायरी होती: आधी प्रेक्षक सेवा विभागाचं उत्तर, समाधान झालं नाही तर संपादकीय तक्रार विभाग, आणि शेवटी बीबीसी ट्रस्ट. एप्रिल २०१७ पासून ट्रस्ट गेला आणि तोवर काही बाबींपुरतीच ऑफकॉमच्या कक्षेत असलेली बीबीसी पूर्णपणे तिच्या कक्षेत आली. पण ‘आधी बीबीसीकडे, मग वर’ हा क्रम तसाच राहिला.

एकाच विषयावर ढीगभर तक्रारी आल्या की बीबीसी प्रत्येकाला वेगळं लिहीत बसत नाही, एक सामायिक उत्तर जाहीर करते. इथेही तेच झालं. ते उत्तर बाद होण्याच्या कारणाबद्दल होतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. संकलनाबद्दलचा प्रश्न त्याने हाताळला नाही, कारण बहुतेकांनी तो विचारलाच नव्हता. वाहिनीला सोपा प्रश्न विचारला की सोपं उत्तर मिळतं. यात मी बीबीसीला मोकळं सोडत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका मोठेपणा सार्वजनिक प्रसारकाकडे असायला हवा होता.

आठशे म्हणजे किती

बातम्यांत आकडा आला की तो मोठा वाटतो. हा भाग ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला होता. त्यातले ८०० म्हणजे दहा हजारांत एक. बाकीच्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव जणांनी एक तर ‘बिचारा’ म्हणून सुस्कारा टाकला असेल किंवा चॅनल बदललं असेल. बातमी मात्र त्या एकाची झाली, आणि बातमी झाली म्हणून आणखी तक्रारी आल्या. ही साखळी टीव्हीच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते.

तक्रारींचा आकडा गुन्हा किती मोठा आहे ते सांगत नाही. तक्रार करणं किती सोपं होतं आणि चर्चा किती पेटली होती, ते सांगतो. याचं सगळ्यांत ठळक उदाहरण सात वर्षांनंतरचं. ९ एप्रिल २०२१ रोजी प्रिन्स फिलिप यांचं निधन झालं. बीबीसीने ठरलेले कार्यक्रम बाजूला सारले, बीबीसी वन आणि टूवर एकच प्रक्षेपण चालवलं, बीबीसी फोरवर नेहमीचं काही न दाखवता फक्त सूचना लावली. लोक वैतागले. मग बीबीसीने त्या एका विषयासाठी संकेतस्थळावर वेगळा छोटा अर्ज ठेवला, ज्यात फारसं काही लिहावं लागत नव्हतं. तक्रारी आल्या १,०९,७४१. ब्रिटिश टीव्हीच्या इतिहासात एखाद्या प्रक्षेपणाबद्दल इतक्या तक्रारी आधी कधी आल्या नव्हत्या. आणि तक्रार करणं इतकं सोपं का केलं, अशा तक्रारीही बीबीसीकडे आल्या.

ती लाखभर माणसं काही चुकीचं म्हणत होती असं मला वाटत नाही. दोन्ही वाहिन्यांवर तेच दाखवण्याचा निर्णय वादग्रस्त होताच. पण ज्या दिवशी दार सताड उघडं ठेवलं त्या दिवशीच्या आकड्याची तुलना दार चिंचोळं असलेल्या दिवसाशी करता येत नाही. म्हणून ‘इतक्या तक्रारी आल्या’ या वाक्याने सुरू होणारी बातमी वाचताना मी आधी अर्ज कसा होता ते शोधतो.

त्याच वर्षीची दुसरी तक्रार

क्षुल्लक कशाला म्हणायचं याबद्दल माझं मत ठरलं ते दुसऱ्या एका प्रकरणाशेजारी हे ठेवून पाहिल्यावर. तेही २०१४ चंच, एप्रिल महिन्यातलं. बीबीसी वनवर ‘जमैका इन’ ही तीन भागांची मालिका सलग तीन रात्री लागली. पहिल्या रात्रीनंतर लोकांनी कळवायला सुरुवात केली की पात्रं पुटपुटतात, काय बोलतात ते ऐकूच येत नाही. तक्रारी दोन हजारांवर गेल्या.

‘नीट ऐकू येत नाही.’ याहून किरकोळ तक्रार कोणती? वाटलं तर आवाज वाढवा म्हणावं. आणि तसं म्हणणारे होतेही. पण ही तक्रार अचूक होती. पत्र लिहिणाऱ्याने जे स्वतः अनुभवलं तेच लिहिलं होतं, कुणाच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधला नव्हता. ते तपासून बघता येण्यासारखं होतं: ध्वनिमुद्रण, मिश्रण, उच्चार, पार्श्वसंगीत. आणि ज्याला कळवलं त्याच्या हातात काही तरी करणं होतं. बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली. पुटपुटीचा प्रश्न पुढची कितीतरी वर्षं ब्रिटनमध्ये गाजत राहिला, आणि तो उचलून धरला होता अशाच ‘किरकोळ’ पत्रांनी. ज्यांचं ऐकणं वयामुळे किंवा इतर कारणाने मंदावलंय त्यांच्यासाठी हा प्रश्न कार्यक्रम बघता येतो की नाही, इतका मूलभूत आहे.

दोन्ही तक्रारी एकाच वाहिनीबद्दल, एकाच वर्षातल्या. विषयाचं वजन पाहिलं तर दोन्ही हलक्या. तरी एक नेमकी लागली आणि दुसरी भरकटली. पुटपुटीच्या तक्रारीत ‘मला हे दिसलं-ऐकू आलं’ इतकंच होतं. आइस्क्रीमच्या तक्रारीत ‘मला जे दिसलं त्यावरून ती बाई कशी आहे हे मला कळलं’ असा दावा होता. टीव्हीवरून माणूस कसा आहे ते कळत नाही. तो कसा दाखवलाय तेवढं कळतं.

त्या बाईंचं काय झालं

पुढच्या आठवड्यात, ३ सप्टेंबरला, पाचवा भाग लागला. त्यात त्या नव्हत्या. आजारपणामुळे त्यांनी स्पर्धा सोडली होती. पडल्यामुळे त्यांची चवीची आणि वासाची जाणीव गेली होती. बेकिंग करणाऱ्या माणसासाठी याहून मोठं नुकसान कोणतं असेल मला सुचत नाही. हे सगळं चित्रीकरणाच्या काळात, म्हणजे लोकांनी त्यांना पडद्यावर पाहण्याच्या कितीतरी आधी घडून गेलं होतं.

पण बघणाऱ्यांच्या घड्याळात क्रम वेगळा होता. बुधवारी फ्रीझर, आठवडाभर आरडाओरडा, पुढच्या बुधवारी बाई गायब. पुन्हा दोन दृश्यं लागोपाठ, पुन्हा धागा ओवला गेला: बघा, तोंड दाखवायला जागा उरली नाही. संकलकाच्या हातात नसतानाही तेच झालं, या वेळी कॅलेंडरने कट मारला होता. आपलं चित्रण रास्त झालं नाही, असं त्या बाईंनी रेडिओवर सांगितलं. तोवर आरोप पुष्कळ लांब गेला होता.

वाहिन्यांच्या तक्रार विभागातली माणसं दिवसभर अशी पत्रं वाचतात. बीबीसीत आलेल्या तक्रारींचा आणि प्रतिक्रियांचा अहवाल रोज कार्यक्रम करणाऱ्यांपर्यंत आणि वरिष्ठांपर्यंत जातो. म्हणजे पत्र वाया जात नाही, ते वाचलं जातं. म्हणूनच तिथे काय लिहिलंय याला महत्त्व आहे. ‘त्या बाईला शिक्षा करा’ असं आठशे वेळा लिहिलेलं वाचून निर्मात्याला कळतं ते एवढंच की हा प्रसंग जबरदस्त चालला. पुढच्या पर्वात असाच एखादा क्षण सापडला तर तो का सोडेल?

त्या आठशेंतल्या एखाद्याने असं लिहिलं असतं तर:

‘२७ ऑगस्टच्या भागात, शेवटच्या फेरीत, एक स्पर्धक दुसऱ्याचं आइस्क्रीम फ्रीझरमधून काढताना दाखवली आहे. ते किती वेळ बाहेर होतं हे दाखवलं किंवा सांगितलं नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या अपयशाला तीच जबाबदार असल्याची समजूत होते. हे खरं आहे का? नसेल तर हा प्रसंग या क्रमाने का लावला, आणि पुन्हा दाखवताना त्यात दुरुस्ती करणार का?’

इतकंच. पाच वाक्यांचं. यात कुणावर आरोप नाही, बाद झालेल्याला परत आणण्याची मागणी नाही. पण हे वाचणाऱ्याला ‘तो बाद का झाला’ याचं ठरीव उत्तर चिकटवून मोकळं होता येत नाही. त्याला संकलन करणाऱ्यांकडे जाऊन विचारावंच लागतं. असं पत्र लिहायला रागावलेल्या पत्राइतकीच मिनिटं लागतात. फक्त लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारावं लागतं, की यातलं मी पाहिलं किती आणि जोडलं किती.

आणि विचारल्यावर उत्तर मिळण्यासारखं होतं, कारण ते कुणाला तरी ठाऊक होतं. चाळीस सेकंद हा आकडा चित्रीकरणाच्या दिवशी त्या तंबूत हजर असलेल्यांकडे होता. सूत्रसंचालकाच्या एका वाक्यात तो त्याच भागात सांगता आला असता. पर्किन्स यांनी तो सांगितला, शांत राहण्याची विनंती करत, ट्विटरवर, लोकांनी त्या बाईंना फैलावर घ्यायला सुरुवात केल्यानंतर.